शेजारची वसाहत, आपला लढा : सीमेवरच्या गावातून गोवा मुक्तिसंग्रामाचा अभ्यास कसा करावा

रेडीहून दक्षिणेला निघाले, की नदी लागण्याआधीच गोव्याची हद्द सुरू होते. तेरेखोल नदीच्या उत्तर काठावर, म्हणजे भूगोलाने सिंधुदुर्गाच्या बाजूला, तेरेखोलचा किल्ला उभा आहे. सावंतवाडीच्या खेम सावंत भोसल्यांनी तो बांधला, १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी तो घेतला आणि १९६१ च्या डिसेंबरपर्यंत हातचा सोडला नाही. भारत स्वतंत्र होऊन चौदा वर्षे उलटली तरी रेडीच्या माणसाला पायी जाता येईल इतक्या जवळ परकी सत्ता होती. ती घालवण्यासाठी गोमंतकीय लढले हे आपण शाळेत शिकतो आणि भारतीय सैन्याने ती घालवली हेही शिकतो. या दोहोंच्या मधली हकीकत, म्हणजे शेजाऱ्याचा लढा हळूहळू आपल्या देशाचा कसा झाला, ही मात्र एखाद्या परिच्छेदात आटोपली जाते.

त्या मधल्या हकीकतीचा अभ्यास करू पाहणाऱ्या शिक्षकांसाठी, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी आणि ग्रामग्रंथालयांच्या कार्यकर्त्यांसाठी हे मार्गदर्शन लिहीत आहे. मी सावंतवाडी परिसरात इतिहास शिकवतो आणि विद्यार्थ्यांच्या लहान गटांबरोबर हे काम काही वर्षे केले आहे. त्यातून एक गोष्ट मला पक्की पटली. देश युद्धात उतरतो तो एका दिवशी, पण त्यात ओढला जातो तो पायरीपायरीने, आणि बहुतेक पायऱ्यांवर सीमेवरची गावे राजधानीच्या आधी पोहोचलेली असतात. म्हणून अभ्यासाची सुरुवात दिल्लीपासून न करता बांदा, आरोंदा, दोडामार्ग येथून करावी आणि मग वर जावे.

आधी नकाशा, पण त्या काळचा

पहिले काम नकाशाचे. आजचा नकाशा समोर ठेवून काम सुरू केले तर पहिल्याच आठवड्यात घोटाळा होतो. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये झाला, म्हणून १९५५ च्या कागदांत आपली सगळी गावे रत्नागिरी जिल्ह्यात सापडतील. दोडामार्ग हा स्वतंत्र तालुका तर त्याहूनही नंतरचा. बेळगाव आणि कारवारची बाजू १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होती. त्या दिवशी ती म्हैसूर राज्यात गेली आणि गोव्याला लागून असलेली सीमा दोन राज्यांत विभागली गेली. त्याआधीची पोलिसांची, जकातीची आणि बंदोबस्ताची दप्तरे मुंबईच्या नावाने पाहावी लागतात, नंतरची दोन ठिकाणी. राज्यपुनर्रचनेच्या इतिहासात आपल्याला ही तारीख ठाऊक असते, पण गोव्याच्या अभ्यासात ती विसरली जाते.

१९४७ च्याही मागे जावे. तोवर या टापूत तीन राजवटी शेजारी नांदत होत्या. वेंगुर्ले आणि शिरोडे ब्रिटिश मुलखात, सावंतवाडी हे संस्थान आणि नदीपलीकडचे पेडणे पोर्तुगिजांकडे. पेडणे महालही पूर्वी सावंतवाडीकरांचाच होता आणि तो अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांकडे गेला. त्यामुळे सोयरीक, कुळाचार, देवस्थानांचे मानपान, शेतजमिनी आणि बोलीसुद्धा हद्दीच्या दोन्ही बाजूंना सारखीच राहिली. १९३० मध्ये शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला, तेव्हा तो पाहणारे पेडण्याचे नातेवाईकही असणार हे लक्षात घ्यावे. शेजारच्या वसाहतीतली माणसे आपली पाहुणी असतील, तर तिथला लढा ‘परका’ राहण्याचा काळ फार थोडा असतो. नकाशावर म्हणूनच हद्दीची रेघ काढून थांबू नये; कोणत्या गावातून कोणत्या गावात मुली दिल्या, कोणाचे कुळदैवत कुठे आहे, बाजार कोणत्या वारी कुठे भरे आणि होडी कुठून सुटे, हे वेगळ्या शाईने भरावे. आमच्या अनुभवात हा नकाशा तयार करायलाच महिना लागतो आणि तो महिना वाया जात नाही, कारण पुढचे निम्मे प्रश्न त्यातूनच सुचतात.

तीन रकान्यांचा तक्ता

नकाशानंतर एक मोठा कागद घ्यावा आणि त्यावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात वसाहतीच्या सत्तेने काय केले, दुसऱ्यात भारत सरकारने काय केले आणि तिसऱ्यात सीमेवरच्या गावाने काय केले. तारखा उतरवणे सोपे आहे, पण तक्त्याचा खरा उपयोग प्रत्येक नोंदीपुढे एकच प्रश्न लिहिण्यात आहे : यानंतर सरकारला कोणत्या वाटेने मागे फिरता येईनासे झाले? हा प्रश्न न विचारता केलेला तक्ता म्हणजे केवळ सनावळी.

उदाहरणादाखल काही नोंदी कशा भराव्यात ते सांगतो. १८ जून १९४६ रोजी मडगावला डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांनी सभाबंदी मोडली. त्या वेळी भारतच स्वतंत्र नव्हता, म्हणून दुसरा रकाना जवळजवळ रिकामा राहतो. तो तसाच ठेवावा. लढ्याची सुरुवात गोव्यात झाली, दिल्लीत नव्हे, हे त्या रिकाम्या जागेइतके स्पष्ट दुसरे काही सांगत नाही. त्रिस्तांव द ब्रागांझ कुन्हा यांनी गोवा काँग्रेस समिती तर १९२८ मध्येच स्थापली होती, त्यांना पकडून पुढे पोर्तुगालला धाडले गेले, हेही पहिल्या आणि तिसऱ्या रकान्यांच्या संदर्भात लिहावे.

२७ फेब्रुवारी १९५० रोजी भारत सरकारने वसाहतींच्या हस्तांतराविषयी बोलणी करावीत असे पोर्तुगालला लेखी कळवले. पोर्तुगालने नकार दिला आणि १९५१ मध्ये राज्यघटनाच बदलून गोव्याला वसाहत न म्हणता ‘सागरपार प्रांत’ म्हटले. ही नोंद विद्यार्थी घाईने ओलांडतात, परंतु तिच्यापाशी थांबावे. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीने येथे केवळ नावात बदल केला नव्हता. गोवा हा पोर्तुगालचाच भूभाग असेल, तर तो देण्याविषयी बोलणीच संभवत नाहीत, असा तो पवित्रा होता. भारताने एकदा लेखी मागणी केली, म्हणून ती सोडून देणे आता भारतालाही अवघड झाले. दोन्ही पक्षांनी आपापल्या मागे दार लावून घेतले. ११ जून १९५३ रोजी भारताने लिस्बनमधली आपली वकिलात बंद केली, ती याच दाराची कडी.

१९५४ हे वर्ष मला सर्वांत बोलके वाटते. दमणजवळच्या, चहूबाजूंनी भारताने वेढलेल्या पोर्तुगीज मुलखापैकी जुलैच्या अखेरीस दादरा आणि २ ऑगस्टला सिल्वासा स्वयंसेवकांनी मुक्त केले. युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स, आझाद गोमंतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक असे निरनिराळ्या विचारांचे लोक त्यात होते. संगीतकार सुधीर फडके त्या मोहिमेत होते, हे मराठी वाचकाला सांगावे लागू नये. भारतीय सैन्य त्यात उतरले नाही, पण दमणहून त्या अंतर्गत मुलखाकडे जाऊ पाहणाऱ्या पोर्तुगीज सैनिकांना भारताने आपल्या भूमीतून वाट दिली नाही. देश ओढला जाण्याची ही एक विशिष्ट पायरी आहे आणि ती ओळखायला शिकवावे : स्वतः हात न उगारता, दुसऱ्याचा हात अडवणे. पोर्तुगाल यावर हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्यापुरता पोर्तुगालचा वाटेचा हक्क मान्य केला. सैन्य, सशस्त्र पोलिस आणि शस्त्रे यांच्यासाठी मात्र तो मान्य केला नाही आणि भारताने काही बेकायदा केल्याचेही म्हटले नाही. तक्त्यात हा निकाल १९६० मध्ये लिहावा, पण बाण काढून तो १९५४ ला जोडावा.

१९५४ च्याच १५ ऑगस्टला सत्याग्रहींनी तेरेखोल किल्ल्यावर तिरंगा लावला. त्या वेळी भारत सरकारचा आग्रह होता, की सत्याग्रह गोमंतकीयांनीच करावा, इतर भारतीयांनी हद्द ओलांडू नये. पुढच्या वर्षी हा बांध फुटला. पुण्यात केशवराव जेधे यांच्या अध्यक्षतेखाली गोवा विमोचन सहायक समिती स्थापन झाली, जयंतराव टिळक तिचे चिटणीस झाले आणि १८ मे १९५५ रोजी नानासाहेब गोरे व सेनापती बापट यांची तुकडी गोव्यात शिरली. मागून मधू लिमये, जगन्नाथराव जोशी, त्रिदिब चौधरी असे निरनिराळ्या पक्षांचे पुढारी गेले आणि पोर्तुगिजांच्या तुरुंगात पडले. येथे विद्यार्थ्यांना एक गोष्ट शोधायला सांगावी. पुण्याहून किंवा पंजाबातून आलेला सत्याग्रही बांद्याला उतरल्यावर कुठे जेवला, कुठे झोपला, पावसात भिजलेले कपडे त्याने कोणाच्या चुलीवर वाळवले आणि रात्री त्याला पाणंदीने हद्दीपर्यंत कोणी नेले? ही सगळी उत्तरे तिसऱ्या रकान्यात जातात. त्या रकान्याशिवाय समितीची एकही तुकडी पलीकडे पोहोचली नसती.

१५ ऑगस्ट १९५५ ची नोंद लिहिताना हात जड होतो. हजारो निःशस्त्र सत्याग्रही पत्रादेवी, तेरेखोल आणि घाटावरच्या कॅसलरॉकच्या बाजूने हद्दीवर गेले आणि पोर्तुगीज शिपायांनी गोळीबार केला. वीसहून अधिक माणसे मारली गेली. पत्रादेवीला पडलेल्यांत पंजाबातल्या इसडू गावचे कर्नैलसिंग होते, मध्य प्रदेशच्या सहोद्राबाई राय जखमी झाल्या. पत्रादेवीला आज हुतात्मा स्मारक आहे. गटाला तिथे नेल्याखेरीज हा भाग शिकवू नये. मृतांचा आकडा निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळा आढळतो. अशा वेळी सरासरी काढू नये किंवा मोठा आकडा उचलू नये. ज्यांची नावे आणि गावे सापडतात त्यांची यादी करावी आणि आकड्याच्या जागी ती यादी ठेवावी.

या गोळीबारानंतर सरकार सैन्य पाठवील, अशी देशभर अपेक्षा होती. पंडित नेहरूंनी ते केले नाही. उलट त्यांनी सामुदायिक सत्याग्रह थांबवला, पोर्तुगालशी राजनैतिक संबंध पुरते तुटले, पणजीतील भारतीय कॉन्सुलेट बंद झाले, कॅसलरॉकमार्गे जाणारी रेल्वे थांबली आणि आर्थिक नाकेबंदी सुरू झाली. देश ओढला जातो तेव्हा तो सरळ रेषेत पुढे जात नाही, कधी लोकांना मागे खेचून सरकार स्वतः पुढे होते. नाकेबंदीचा भार गोव्याइतकाच आपल्या बाजूवरही पडला, हे तिसऱ्या रकान्यातून दिसते. मुंबईत नोकरी करणाऱ्या गोमंतकीयांचे घरी जाणारे पैसे अडले, बाजार तुटले, माहेरवाशिणी अलीकडे-पलीकडे अडकल्या आणि चोरटा व्यापार वाढला. पोर्तुगाल मात्र नाकेबंदीने वाकले नाही. लोहखनिजाची निर्यात वाढवून आणि जिन्नस बाहेरून आणून त्यांनी गोव्याची गरज भागवली आणि दाबोळीचा विमानतळ वापरात आणला. नाकेबंदी निष्फळ ठरली, म्हणून पुढच्या उपायांची यादी आखूड झाली. तक्त्याच्या प्रश्नाचे उत्तर येथे आपोआप मिळते.

१९५५ ते १९६० हा काळ तक्त्यात विरळ दिसतो आणि तो तसाच दिसू द्यावा. एक नोंद मात्र ठळक करावी. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या आणि पुढे कॅसलरॉकच्या रानातून ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ हे गुप्त नभोवाणी केंद्र १९५५ पासून मुक्तीपर्यंत चालवले. ट्रान्समीटर भारताच्या भूमीवर, आवाज गोव्यात. देशाने या काळात हद्द ओलांडली नव्हती, तरी तो लढ्याबाहेर राहिला नव्हता, हे या एका नोंदीवरून विद्यार्थ्याला पटते.

कारण, निमित्त आणि संधी

तक्ता भरला, की १९६१ चे प्रकरण हाताळावे आणि ते करताना तीन शब्द कटाक्षाने वेगळे ठेवावेत. १७ नोव्हेंबर १९६१ रोजी पोर्तुगिजांच्या ताब्यातील, कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून ‘साबरमती’ या भारतीय जहाजावर गोळीबार झाला आणि त्याच महिन्यात मच्छीमारांच्या होडीवरच्या गोळीबारात एक मच्छीमार मरण पावला. आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला ही घटना फार जवळची वाटते आणि वाटलीही पाहिजे, कारण समुद्रावर जाणाऱ्याचे घर रोज त्याच भीतीत जगते. पण हे निमित्त होते. याहून कितीतरी मोठा रक्तपात १९५५ मध्ये झाला होता आणि तेव्हा सैन्य हलले नव्हते.

कारण जुने होते : स्वतंत्र देशाच्या किनाऱ्यावर परकी सत्ता, आणि तिने बोलणीच नाकारणे. मग १९६१ मध्येच का, याचे उत्तर संधीत आहे. १४ डिसेंबर १९६० रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने वसाहतवाद संपवण्याचा १५१४ क्रमांकाचा ठराव केला आणि दुसऱ्याच दिवशी १५४२ क्रमांकाच्या ठरावात गोव्यासह पोर्तुगालच्या मुलखांना स्वशासन नसलेले प्रदेश ठरवले. ‘सागरपार प्रांत’ हा दशकभराचा बचाव जगासमोर लंगडा पडला. १९६१ च्या सुरुवातीला अंगोलात उठाव झाला आणि पोर्तुगालचे लक्ष आफ्रिकेकडे गुंतले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिल्लीत पोर्तुगीज वसाहतींविषयी परिसंवाद भरला, तेव्हा आफ्रिकेतल्या पुढाऱ्यांनी भारताच्या संयमाने आपली वाट अडते आहे असे स्पष्ट सांगितले. येथे एक उलटी गोष्ट दिसते, जी मला या साऱ्या अभ्यासात सर्वांत मोलाची वाटते : शेजारची वसाहतच नव्हे, तर हजारो मैलांवरच्या इतर वसाहतीही एखाद्या देशाला लढ्यात ओढू शकतात.

संधीबरोबर अडथळ्यांचीही नोंद हवी. पोर्तुगाल १९४९ पासून नाटोचे संस्थापक सदस्य होते, ब्रिटनशी त्याचा शतकानुशतकांचा करार होता आणि शांततेचा पुरस्कार करणाऱ्या भारताला बळ वापरणे नैतिकदृष्ट्या अवघड होते. फेब्रुवारी १९६२ मध्ये सार्वत्रिक निवडणूक होती आणि संरक्षणमंत्री कृष्ण मेनन उत्तर मुंबईतून आचार्य कृपलानींविरुद्ध उभे होते, म्हणून कारवाईमागे निवडणूक होती असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. विद्यार्थ्यांनी तो आक्षेप तक्त्यासमोर ठेवावा आणि १९५० पासूनच्या पायऱ्या त्याने उलगडतात का ते पाहावे. माझ्या मते निवडणुकीने फार तर महिना ठरवला असेल, दिशा नव्हे.

प्रत्यक्ष लष्करी कारवाईवर फार पाने खर्चू नयेत. मेजर जनरल कँडेथ यांच्या सतराव्या इन्फन्ट्री डिव्हिजनचा मुख्य हल्ला पूर्वेकडून झाला, ब्रिगेडियर सगतसिंग यांची पन्नासावी पॅराशूट ब्रिगेड उत्तरेकडून जमिनीवरून शिरली आणि दोडामार्गच्या बाजूने आलेले सैन्य १८ डिसेंबरच्या संध्याकाळपर्यंत पणजीसमोर बेतीला पोहोचले. १९ तारखेला गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा शरण आले. शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा सालाझारचा हुकूम त्यांनी मानला नाही आणि त्यामुळे पणजी शाबूत राहिली, हे त्यांच्या बाजूने नोंदवणे न्याय्य आहे. १८ डिसेंबरला सुरक्षा परिषदेत युद्धबंदीचा ठराव सोव्हिएत संघाच्या नकाराधिकाराने पडला. सिलोन (आजचा श्रीलंका), लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे इजिप्त) यांनीही ठरावाविरुद्ध मत दिले. त्या तीन देशांची नावे वाचताना आधी आलेला आफ्रिकेचा धागा हाती लागतो.

घरात बसून विचारताना

आता मुलाखती. आमच्या पहिल्या फेरीत मोठी चूक झाली. आम्ही वयोवृद्ध माणसांना ‘गोवा मुक्तिसंग्रामात तुमचे योगदान काय?’ असे विचारले. उत्तरे आली ती वर्तमानपत्रांत वाचलेली, भाषणांत ऐकलेली. पुष्कळांनी तर ‘आम्ही काही केले नाही’ असे सांगून विषय संपवला. दुसऱ्या फेरीत आम्ही विचारले, ‘त्या पावसाळ्यात घरात पाहुणे किती होते? तांदूळ कुठून आणला?’ आणि एका आजींनी सांगितले, की आठ दिवस पेजेचे मडके चुलीवरून उतरले नव्हते. त्यांच्या लेखी ते योगदान नव्हते, आल्या-गेल्याचे करणे होते. देश ओढला जातो तो असा, स्वयंपाकघरातून.

म्हणून प्रश्न वस्तूंचे, वाटांचे आणि सणांचे विचारावेत. नाका कुठे होता, झडती कोण घेई, पलीकडून काय लपवून आणत, ‘पाखले’ हा पोर्तुगिजांसाठीचा बोलीतला शब्द घरात कोणाकोणासाठी वापरत, जत्रेला जायचे कोणत्या वर्षापासून बंद झाले, लग्न ठरून वऱ्हाड अडले असे कधी झाले का? मुंबई राज्यात तेव्हा दारूबंदी होती आणि गोव्यात नव्हती, त्यामुळे हद्दीवरच्या हालचालीत देशभक्ती, पोट आणि चोरटा माल हे सगळे एकाच पायवाटेने चालत. सत्याग्रहींना वाट दाखवणारा माणूस एरवी मालही नेत असेल, तर ते लपवू नये आणि त्याचा गाजावाजाही करू नये. वाट ठाऊक होती म्हणूनच तो उपयोगी पडला.

१९५५ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल आज ऐंशीच्या घरात किंवा पलीकडे आहे. हे काम उद्यावर टाकता येत नाही. ध्वनिमुद्रण करण्याआधी घरच्यांची संमती घ्यावी, मालवणीत बोलू द्यावे, मालवणीतच लिहून घ्यावे आणि प्रमाण मराठीत नंतर फिरवावे. ‘माका आठवता’ या दोन शब्दांत जी खातरी असते ती भाषांतरात उरत नाही. एका बैठकीत पाऊण तासाहून अधिक बसू नये. तारखा माणसाकडून मागू नयेत. ‘भात लावणी झाली होती का?’ असे विचारले, की महिना कळतो. तो तक्त्याशी आपण जुळवावा.

ज्या घरात पोलिसांचा मार खाल्लेला माणूस होऊन गेला, तिथे अधिक जपून बसावे. आझाद गोमंतक दलाचे मोहन रानडे यांना पोर्तुगालच्या तुरुंगातून १९६९ च्या जानेवारीत, म्हणजे गोवा मुक्त झाल्यावर सात वर्षांनी सोडले, हे प्रसिद्ध आहे. पण अप्रसिद्ध माणसांच्या घरीही वाट पाहण्याच्या अशा हकीकती आहेत आणि त्या सांगताना आजही आवाज थांबतो. तिथे पुढचा प्रश्न विचारू नये. चहा घ्यावा आणि दुसऱ्या दिवशी जावे.

कागद

कागदांसाठी मुंबईचे राज्य पुराभिलेख आणि पणजीचे पुराभिलेख ही दोन ठिकाणे मुख्य. लोकसभेतील चर्चा संगणकावरही वाचता येतात. वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर नाथ पै १९५७ मध्ये राजापूर मतदारसंघातून निवडून गेले, तेव्हापासूनची त्यांची भाषणे या विषयासाठी आवर्जून पाहावीत, कारण सीमेवरचा माणूस संसदेत बोलतो तेव्हा दुसरा आणि तिसरा रकाना एकत्र येतात. स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतनाचे अर्ज घरोघर सापडतात आणि त्यांत मोलाची माहिती असते. तरी अर्ज हा नियमात बसण्यासाठी लिहिलेला असतो. तुरुंगवासाचे महिने त्यात ठळक येतात. भाकऱ्या भाजणारी बाई त्यात कुठेच येत नाही. शक्य असेल तर पोर्तुगीज वाचू शकणाऱ्या गोमंतकीय मित्राची मदत घ्यावी. गोव्यातले ख्रिस्ती बांधव पोर्तुगिजांच्या बाजूचे होते, हा आपल्याकडचा सैल समज कुन्हा, मिनेझिस, पीटर अल्वारिस आणि लिबिया लोबो यांच्या नावांपुढे एक क्षणही टिकत नाही. तो तुमच्या लेखनात चुकूनही शिरू देऊ नका.

दुसऱ्या सीमेवर घासून पाहणे

आपली रीत केवळ गोव्यापुरती आहे का, हे तपासण्यासाठी एकच परके उदाहरण घ्यावे. अल्जीरियाच्या मुक्तियुद्धात शेजारचा ट्युनिशिया १९५६ मध्ये नुकताच स्वतंत्र झाला होता. अल्जीरियन सैनिक त्याच्या सीमेवरच्या गावांत आश्रय घेत. ८ फेब्रुवारी १९५८ रोजी फ्रेंच विमानांनी साकिएत सिदी युसेफ या ट्युनिशियन गावावर बाँब टाकले आणि सुमारे सत्तर माणसे मारली. तीन रकाने आखून पाहा : आधी गावाने आसरा दिला, मग वसाहतवादी सत्तेने हद्द मोडली, मग सरकारने तक्रार संयुक्त राष्ट्रसंघात नेली. क्रम ओळखीचा वाटतो. फरकही लिहावा. ट्युनिशिया फ्रान्सपुढे लहान होता, भारत पोर्तुगालपुढे फार मोठा होता. मोठ्या देशाचा संयम आणि लहान देशाची असहायता वरून सारखीच दिसते, आतून नसते.

कुठे थांबावे आणि काय करावे

तक्ता १९ डिसेंबर १९६१ ला बंद करू नये. पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते १९७४ च्या क्रांतीनंतर, ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने; तेव्हा आपले परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण होते. त्याआधी १६ जानेवारी १९६७ रोजी गोमंतकीयांनी जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन होण्यास नकार दिला होता. आपल्या बाजूच्या पुष्कळ घरांत तो निकाल मनाला लागला, कारण ज्यांना आसरा दिला ते वेगळे राहिले असे वाटले. मुलाखतींत हा सल निघतो. त्याला उत्तर देऊ नये, पण नोंदवून ठेवावे. शेजाऱ्याच्या लढ्यात उतरलेल्याला शेजाऱ्याच्या निर्णयावर हक्क मिळतो का, हा प्रश्न त्याच नोंदींतून उभा राहतो आणि पुढच्या गटाने तो हाती घ्यावा.

लेखन पूर्ण झाले, की छापण्याआधी ते गावात वाचून दाखवावे. १८ जून हा दिवस योग्य, पण तेव्हा लावणीची घाई असते. म्हणून आम्ही दिवाळीनंतरचा एखादा रविवार धरतो आणि देवळाच्या सभामंडपात बसतो. ज्यांनी माहिती दिली त्यांना पुढे बसवावे, मालवणी उतारे जसेच्या तसे वाचावेत आणि प्रत्येक दुरुस्ती त्याच वेळी वेगळ्या वहीत सांगणाऱ्याच्या नावासह लिहावी. पत्रादेवीच्या वाटेविषयी दोन घरांनी दोन वाटा सांगितल्या, तर दोन्ही नकाशावर ठेवाव्यात. मग एक प्रत घरी, एक ग्रामग्रंथालयात आणि एक नदीपलीकडे पेडण्याच्या शाळेत द्यावी.